ताईनं बघायला दिलेला कागद

११ जानेवारी

पहिलं पान कोरं सोडलंय. आप्पांचा नियम आहे, पहिलं पान पुठ्ठ्याचं, आपलं दुसऱ्यापासून. ही वही त्यांनीच बांधलेली, गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना. दुकानाच्या फळीवर अशा नऊ होत्या. आता बांधणारा हातच राहिला नाही, तर नमुना दाखवायचा कुणाला? म्हणून एक मी उचलली. ताईला विचारलं नाही.

येऊन चार दिवस झाले. गेल्या सहा वर्षांत तीनदा घरी आले होते आणि तिन्ही वेळा तिसऱ्या सकाळी पिशवी उचलली होती, तेव्हा हा माझ्यापुरता विक्रमच. ताईचा फोन आला तेव्हा मी बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका मंडळीबरोबर होते, पडदे शिवायला. त्याआधी लॉजमध्ये चादरी, त्याआधी बोटीवर भांडी, त्याआधीचं सलग आठवत नाही. ताई म्हणाली, "आप्पांचा उजवा हात गेलाय. पाय ओढतात. बोलणं जवळजवळ नाहीच. दुकान आवरायचंय, येशील?"

हे सगळं झालं होतं सप्टेंबरात. मला कळलं वर्ष संपताना. मी चिडले. ती म्हणाली, "तू आहेस कुठे हे शोधण्यात एक महिना गेला. कळवावं की नाही यात दोन."

आप्पांकडे चार शब्द उरलेत. हो, नको, पाणी आणि ताई. मला बघून ते "नको" म्हणाले. ताई म्हणते, त्यांना "हो" म्हणायचं होतं, कधीकधी उलटं येतं. असेल.

१४ जानेवारी

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. ताईनं नीट समजावलं होतं, ठेवायचं, द्यायचं, फेकायचं, असे तीन ढीग कर. दुपारपर्यंत माझा एकच ढीग झाला, आवडलेल्याचा. पुस्तकाच्या पाठीला लावतात ती पांढरी जाळी. रेक्झिनच्या बोटभर पट्ट्या. पुस्तकांच्या कडा रंगवताना शाई पुसलेली फडकी, वाळून पापडासारखी कडक झालेली. मोरचुदाचे निळे खडे. आणि कागद. किती तऱ्हेचे कागद.

खळ करायला मला अजून येते. मैदा, पाणी, मंद आच, ढवळत राहायचं, शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे लागत नाहीत. डब्यातला तयार गोंद आप्पांनी कधी दुकानात येऊ दिला नाही. उद्या कुणाला सोडवावंसं वाटलं तर पाण्यानं सुटलं पाहिजे, म्हणायचे. खळ केली कशाला, ते मलाच माहीत नव्हतं. केली खरी. मग एक मोठा पुठ्ठा घेतला, त्यावर जाळी चिकटवली, वर शाईचं फडकं दाबलं, त्यावर पातळ कागद, त्यावर उरलेला काळा चहा. वाळताना कागद आक्रसला आणि मधोमध एक सुरकुती उभी राहिली. तिच्याकडे बघत मी किती वेळ बसले कोण जाणे.

ताई आली. "हे काय?"

"माहीत नाही."

"हा ढीग कितवा?"

१५ जानेवारी

दुसरं केलं. पहिल्यासारखंच करायला गेले, म्हणून वाईट झालं.

१९ जानेवारी

सहा झाली. भिंतीला टेकवून ठेवलीत. ताई म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या." म्हण तिनं मला टोचायला काढली होती, पण चित्रांचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कुणी केलं नसतं. मी म्हटलं, "हेच नाव देते." ती हसली नाही. थोड्या वेळानं मात्र कपाटातून जुन्या पाकिटांचा नि पत्रांचा गठ्ठा काढून दिला, "घे, फेकण्यापेक्षा."

दोन घरं सोडून फ्रेमवाले काका आहेत, काच कापायचं दुकान. आप्पांचे जुने दोस्त. ते बघून गेले. "यात काय आहे?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही." म्हणाले, "मग बरंय. ज्यात काहीतरी असतं ती चित्रं लोकांना लगेच कळतात आणि मग ते माझ्याशी भाव करत बसतात."

आप्पांना एक चित्र पलंगापाशी नेऊन दाखवलं. त्यांनी डाव्या हाताचं नख कोपऱ्याखाली घातलं. कोपरा सुटला. "नको," म्हणाले. हा नको मात्र नकोच होता.

घरात माणूस असं पडलेलं असताना मी चिखल खेळतेय, हे मला कळतं. मदत करते मी. म्हणजे विचारते, "काही करू का?" ताई म्हणते, "असू दे." त्यांची अंघोळ, जेवण, हातापायांचे व्यायाम, सगळं तिला पाठ. तिच्या लयीत मी घुसले की तिची लय तुटते. निदान मला तसं वाटतं.

२३ जानेवारी

बाहुलीवाल्या मास्तरांचा फोन. मार्चात दौरा निघतोय, येतेस का? "बघू," म्हटलं. फोन ठेवून वळले तर ताई दारात, हातात वाळलेले कपडे.

"किती दिवस आहेस?" तिनं विचारलं. गेल्या आठवड्यातही विचारलं होतं.

"कंटाळलीस का मला?"

"प्रश्नाला प्रश्न नको गं भिंगरी."

लहानपणी ती मला हाक मारायची तीच ही. पायाला भिंगरी म्हणून भिंगरी. मी काहीतरी विनोद केला. काय ते आता आठवत नाही, म्हणजे चांगला नसणार.

२७ जानेवारी

आज ताईनं मला एक भेट दिली.

सकाळी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. "हे बघून ठेव," म्हणाली. दारापर्यंत गेली, थांबली. "मी काही म्हणत नाही. काय करायचं ते तूच बघ." आणि औषधं आणायला बाहेर गेली.

बघितला. काय कागद! दुधी, जाड, चिंध्यांच्या लगद्याचा. खिडकीत धरला तर आत एक पुसट चिन्ह उमटलेलं, पाण्यात बुडालेल्या पानासारखं. टाइप केलेलं काहीतरी होतं, वर ताईचं नाव. वाचलं नाही. बाइंडरच्या घरी पोरांना शाळेआधी एक गोष्ट शिकवतात, शिवताना पानाचा आकडा बघायचा, मजकूर नाही. "बाइंडर वाचायला बसला की धंदा बसला," हे आप्पांचं वाक्य. ताईनं ते कधी ऐकलं नाही, ती सुईत दोरा ओवताना अर्धं पुस्तक वाचून काढायची आणि बोलणी खायची. मी ऐकलं. घरात ऐकलेली ही एकच गोष्ट असावी, आणि दहावीत तिचा निकालही दिसला.

पण मुद्दा तो नाही. इतका सुंदर कागद तिनं आपणहून माझ्यासाठी काढून ठेवला. चिंध्या म्हणते, पण बघते. मला अगदी भरून आलं.

२८ जानेवारी

सातवं चित्र. आतापर्यंतचं सगळ्यांत चांगलं.

मधोमध तो कागद, अक्षरांची बाजू खाली. खळीनं भिजला तशी अक्षरं पाठीतून वर आली, उलटी, राखाडी, कुणीतरी भिंतीपलीकडे बोलतंय तशी. वरच्या अर्ध्यावर जाळी ताणली, तिच्यावर मोरचुदाचं निळं पाणी सोडलं, खाली गंजाचं. डावा कोपरा मोकळा ठेवला. हात कुठे थांबवायचा ते पहिल्यांदा कळलं.

ताई चहा घेऊन आली. खूप वेळ बघत राहिली.

"हा तोच कागद?"

"हो. सगळ्यांत महत्त्वाच्या जागी लावलाय."

"उलटा."

"मुद्दाम. असा जास्त बोलतो."

"बरं," ताई म्हणाली. आणि कप उचलून परत घेऊन गेली. मी घोटसुद्धा घेतला नव्हता.

३१ जानेवारी

ताईचं काहीतरी बिनसलंय. परवा घरातले सगळे पडदे धुतले. काल टेबलापाशी बसून एक पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, आणि पोस्टात जाऊन टाकून आली. पोस्टमन रोज दारावरून जातो, त्याच्या हाती देता आलं असतं, तरी स्वतः गेली.

"रागावलीस का?" मी विचारलं.

"कशाला? विचारलं, उत्तर मिळालं."

"कुणाला विचारलंस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आपण फारच वाह्यात काहीतरी बोललो. "जाऊ दे," म्हणाली. मग आप्पांचा खांदा चोळायला बसली. तिचं वय चौतीस. मागून बघितलं तर मानेपाशी पाठ आत्ताच वाकायला लागली आहे. आप्पांचीही अशीच होती, शिवणीवर वाकून वाकून.

५ फेब्रुवारी

सगळं लिहायचं ठरवलंय, लाज वाटली तरी.

सकाळी फ्रेमवाले काका सातवं चित्र न्यायला आले. त्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत लावणार होते. बराच वेळ मान वाकडी करून बघितलं नि म्हणाले, "उजवीकडे जड झालंय का गं? आरशात बघ एकदा. चित्र उलटं दिसलं की चूक दिसते. डोळ्याला सवयीनं फसायला होतं, आरशाला सवय नसते."

मोठा आरसा ताईच्या खोलीत, कपाटाला. ती आप्पांना घेऊन तपासणीला गेली होती. मी चित्र छातीशी धरून आरशासमोर उभी राहिले. उजवीकडे जड नव्हतंच. पण मधली उलटी अक्षरं सुलट झाली होती.

जाळीतून तुकडे तुकडे दिसत होते. जुन्या ग्रंथांच्या दुरुस्ती विभागात. आपली निवड. राहण्याची सोय. घरच्या जबाबदाऱ्या लक्षात घेता विचारास अवधी. दहा फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावे.

दोनदा वाचलं. मग पलंगावर बसले. कागदावर शहराचं नाव होतं, इथून एका रात्रीच्या प्रवासावरचं.

काका बाहेरून ओरडले, "काय निघालं?" मी म्हटलं, "चूक."

चित्र मोरीत आडवं ठेवलं आणि स्पंजनं पाणी सोडायला लागले. खळ सुटते, आप्पांनी सांगितलंच आहे. जाळी निघाली. निळं वाहून गेलं. कागदाची एक कड उचलली जात होती तेवढ्यात ताई आली. मी पाठमोरीच बोलत सुटले, वाचलं नव्हतं गं, तू म्हणालीस बघ, मी बघितलं, खरंच नुसतं बघितलं, मला वाटलं तू मला कागद दिलास.

ताईनं मोरीतल्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला वाटलं मी कागद दिला."

"हो."

"आणि मला वाटलं तू वाचलंस आणि पालथं घातलंस."

ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. रडेल असं वाटलं. पण तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला, तो हसण्याचा होता, आणि हसण्यानंतर मात्र रडली. मी ओल्या हातानं तिला धरलं, तिच्या ब्लाउजवर निळे डाग पडले.

"सरळ विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू लगेच हो म्हणाली असतीस. आणि पंधरा दिवसांनी पळाली असतीस. वाचून तूच आपण होऊन म्हणशील, तर ते टिकेल, असं वाटलं. आता सोड तो कागद, चित्र कशाला मोडतेस? पत्र पाठ आहे मला."

पण निम्मं मोडलं होतं.

६ फेब्रुवारी

ताईनं फोन केला. मी शेजारी उभी होते. नकाराचं पत्र त्यांना मिळालंय, कालच यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणं गेलं. "तुम्ही आधी कळवायला हवं होतं," असं समोरून म्हणाल्याचं मला ऐकू आलं. ताईनं "हो, माझीच चूक," म्हटलं. फोन ठेवून भाजी चिरायला बसली.

मला फोनवरच्या बाईंना ओरडून सांगायचं होतं, चूक कुणाची ते. सांगितलं नाही. कुणाला सांगणार? या घरात "बघ" एवढंच म्हणतात. कागद बघ, म्हणजे वाच. काय ते बघ, म्हणजे ठरव. आप्पांना बघ, म्हणजे जन्म घालव. आणि मी आपली डोळ्यांनी बघत बसले.

१२ फेब्रुवारी

दुपारी त्या ग्रंथ विभागाचाच फोन. ती जागा गेलीच. पण त्या विभागातली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर निघालीय, तिच्या जागी सहा महिने याल का? पुढचं काही सांगता येत नाही.

"सहा महिन्यांसाठी कोण जातं?" ताई म्हणाली.

"मी तर सहा दिवसांसाठी जाते," मी म्हटलं.

"आणि इथे?"

"मी आहे."

"तू कुठेही सहा महिने राहिलेली नाहीस. तुरुंगात टाकलं असतं तर तिथूनही सुटका करून घेतली असतीस."

"माहितीये." बाहुलीवाल्या मास्तरांना तिच्यासमोरच फोन लावून नाही म्हटलं. तिनं तोवर पाठ फिरवून डबे पुसायला घेतले होते. स्वच्छच होते ते.

१८ फेब्रुवारी

शिकतेय. गोळ्या सकाळच्या तीन, अकराची एक, रात्रीच्या दोन. पाणी घट्टसर करून पाजायचं, नाहीतर ठसका लागतो. उठवताना काखेत हात घालायचा नाही, खांद्याच्या पाठीमागून आधार. मेलेल्या हाताची बोटं रोज एकेक करून उघडायची. त्या बोटांच्या टोकाला सुईचे जुने घट्टे तसेच आहेत.

आप्पा माझ्या हातून घास घेत नाहीत. तोंड फिरवतात आणि "ताई" म्हणतात. ताई दुसऱ्या खोलीत बसून राहते, मुद्दाम येत नाही. तिला तिथे किती जड जात असेल ते खुर्चीच्या आवाजावरून कळतं.

चित्राला हात लावलेला नाही.

२३ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं.

ताई जायची तयारी करायला बाहेर गेली होती. मी काकांकडे पाच मिनिटांसाठी गेले, खिळे आणायला. त्यांच्याकडे काचेचा एक तडकलेला तुकडा होता, एका बाजूनं हिरवा. तो उजेडात फिरवत बसले. अकराची गोळी बारा वाजून गेल्यावर आठवली. धावत आले तर आप्पा जमिनीवर. पडलेले नाही, घसरून बसलेले, पाठ पलंगाला टेकलेली, तांब्या लवंडलेला, धोतर ओलं. ओरडले नव्हते. ओरडून हाक मारायला माझं नाव त्यांच्यापाशी नाहीच.

मी उचलायला गेले. जमेना. तेवढ्यात ताई आली. दोघींनी उचललं. लागलं नव्हतं कुठे.

ताईची बॅग पलंगाखाली अर्धी भरलेली होती, तिनं ती ओढली आणि एकेक कपडा बाहेर काढायला लागली. "कळवते त्यांना," म्हणाली. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवू?

"नको," आप्पा म्हणाले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. नको म्हणजे जाऊ नको, की काढू नको, की उलटं आलेलं हो, कुणाला कळणार? "काय नको आप्पा?" ताईनं विचारलं. त्यांनी डावा हात पुढे केला, बाहेर पडलेला एक कपडा मुठीत धरला नि बॅगेत टाकला. घडी मोडून, बोळा करून. मग दुसरा. पाचही कपडे त्यांनी तसेच कोंबले. दमले. शेवटी ताईकडे बघून बॅग तिच्या अंगावर ढकलली.

"आप्पा, ही नाही हो सांभाळायची," ताई म्हणाली.

"हो," आप्पा म्हणाले.

हा होच होता बहुतेक. मलाही तेच वाटतं. तरीही त्यांनी बॅग ढकलली.

२५ फेब्रुवारी

काका निम्मं मोडलेलं चित्र बघून गेले. "बिघडवलंस," म्हणाले. बरोबर आहे. कड उचकटलेली, निळं गेलेलं, अक्षरं फुगलेली. ताई म्हणाली, "मला दे." मी म्हटलं, "वाळलं नाही अजून." खरं म्हणजे कधीच वाळलंय.

भिंतीवर घड्याळाशेजारी गोळ्यांच्या वेळा मोठ्या आकड्यांत लिहिल्या. फोनवर गजर लावले. काकांना सांगितलं, मी दुकानात आले की मला हाकला.

१ मार्च

ताई संध्याकाळच्या गाडीनं गेली. चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं, मी वाळलं नाही म्हटलं तरी. दारात मला म्हणाली, "आप्पांना..." आणि थांबली. रोजचा तो एक शब्द तिनं गिळला. मग म्हणाली, "भूक लागली की ते चिडतात. एवढंच लक्षात ठेव."

आप्पा दिवसभर "ताई" म्हणत राहिले. मी प्रत्येक वेळी गेले. प्रत्येक वेळी त्यांनी तोंड फिरवलं. रात्रीचा भात तीन घास गेला.

२ मार्च

आज तीन गजर वाजले आणि मी तिन्ही वेळा होते. लिहिण्यासारखं एवढंच, असं वाटलं होतं.

दुपारी त्यांची बोटं उघडत बसले होते. आप्पा मला न्याहाळत होते. ओठ हलवत होते, शब्द कुठेतरी अडकला होता, कपाळावर शीर उठली. मला वाटलं, पाणी. तांब्या पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. आणि स्पष्ट म्हणाले, "कधी?"

पाचवा शब्द. सप्टेंबरानंतरचा पहिला नवा. ताईला फोन करावा म्हणून उठले, पण त्यांनी पुन्हा विचारलं, "कधी?" आणि डाव्या हातानं दाराकडे दाखवलं. ताई कधी येणार, हे विचारत नव्हते. बोट दाराकडून माझ्याकडे आलं, पुन्हा दाराकडे गेलं.

मी खाली बसले. "सहा महिने आप्पा," म्हटलं. "ताई येईपर्यंत. मार्च धरून सहा."

त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं दिसलं नाही. डावा पंजा स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि एकेक बोट मिटायला लागले. मार्च, मी म्हटलं. एप्रिल. मे. प्रत्येक बोटापाशी थांबून माझ्याकडे बघत होते, मी अजून बसलेय का म्हणून. जून. जुलै. मूठ बंद झाली.

एक महिना उरला आणि बोट नव्हतं. त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर पडलेला होता, त्याला काही सांगून उपयोग नव्हता. मग मूठ उघडली, माझा हात ओढून घेतला, करंगळी शोधली आणि ती माझ्याच तळव्यात मिटवली.

"ऑगस्ट," मी म्हटलं.